‘हुशार डॉक्टर पहिल्याच रात्री ओळखतो’ : तापाच्या त्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरात पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. सांगणं असं: तापानं फणफणलेलं पोर कॅज्युअल्टीत नेलं की डॉक्टर ‘व्हायरल आहे’ म्हणून घरी पाठवतात, आणि पुढं निघतो कावासाकीसारखा भलताच आजार. खरा हुशार डॉक्टर पहिल्याच रात्री ओळखतो. ‘परवा परत दाखवा’ हा पैसे उकळायचा धंदा. म्हणून सगळ्या टेस्ट एकदम करून घ्या, अँटिबायोटिक मागून घ्या, आणि औषधानं ताप उतरला की बिनघोर राहा.

मी लहान मुलांचा डॉक्टर, कॅज्युअल्टीतल्या रात्री मलाही चुकलेल्या नाहीत. एकेक मुद्दा घेतो.

पहिल्या रात्री ओळखणं. मेसेजनंच नाव काढलंय तर कावासाकीचंच बघू. लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा हा आजार. जपानच्या तोमिसाकु कावासाकींनी 1967 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, पण त्याची अशी एकच पक्की टेस्ट आजही नाही. सहसा पाच दिवस न हटणारा ताप आणि पाचपैकी चार खुणा बघायच्या: दोन्ही डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेले आणि जीभ स्ट्रॉबेरीसारखी, अंगावर पुरळ, हातापायांना सूज किंवा लाली, मानेत गाठ. या खुणा एकत्र येतील तर शपथ. सोमवारी लाल झालेले डोळे बुधवारी निवळतात, तेव्हा कुठं पुरळ उठतं. तळहात सुजतात शुक्रवारी. पहिल्या रात्री टेबलावर असतं ते नुसतं तापलेलं, किरकिरं पोर, आणि अशी बहुतेक पोरं खरोखर व्हायरलचीच असतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर पुष्कळदा चार खुणा पुऱ्याही होत नाहीत.

मग हा आजार सापडतो कसा? पुष्कळदा घरच्यांमुळं. एका आजीनं बाळाची बाही वर सारून दाखवलं, “हे बघा ओ डॉक्टर, लसीची जुनी खूण कशी लालबुंद झालीया.” डाव्या दंडावरची बीसीजीची खूण अशी पेटून उठली, तर कावासाकीचा संशय घ्यायलाच हवा. मुद्दाम बघितल्याशिवाय ती दिसत नाही. उपचार न मिळालेल्या चार-पाच मुलांमागे एकाच्या हृदयाच्या धमन्यांना फुगवटे येतात. 10 दिवसांच्या आत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं) दिलं तर हे प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास येतं. ‘परवा दाखवा’ म्हणतो ते याचसाठी. तो परवाचा दिवस निदानातच मोजलेला असतो.

सगळ्या टेस्ट एकदम. ताप चढल्यावर पहिल्या काही तासांत सीआरपी (अंगातली सूज-संसर्ग दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल येऊ शकतो, आणि तो कागद घेऊन घरचे निवांत झोपतात. तापाच्या दुसऱ्याच दिवशी केलेल्या विडाल या रक्ततपासणीवरून टायफॉइडचा शिक्का मारायची आपल्याकडची सवय तर विचारूच नका.

अँटिबायोटिक मागून घेणं. मेंदूज्वराचा संशय असेल तर आधी पोटात गेलेल्या अर्धवट डोसनं कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) जंतू उगवेनासे होऊ शकतात. कावासाकीत आणखी वेगळीच गफलत होते: दोन डोस झाल्यावर पुरळ उठतं आणि सगळे म्हणतात, औषधाची ॲलर्जी.

ताप उतरला की बिनघोर. पॅरासिटामॉल साध्या आजारातला ताप उतरवतं, तसा गंभीर आजारातलाही. बघायचं ते ताप उतरल्यावर पोर खेळतं का, पितं का, लघवी होते का. डेंग्यूत तर ताप ओसरतानाच धोक्याचे दिवस सुरू होतात.

मेसेजमधला राग मात्र सगळा खोटा नाही. ‘व्हायरल आहे’ एवढंच बोलून, काय दिसलं तर परत यायचं हे न सांगता पाठवणारे डॉक्टर आहेत. तिथं तुम्हीच विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.

काही बाबतींत परवाची वाट बघायचीच नाही. तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि 100.4 किंवा त्याहून जास्त ताप, हलवूनही नीट जागं न होणारं पोर, धाप, काचेचा पेला दाबला तरी न पुसट होणारे लाल-जांभळे ठिपके. सावळ्या अंगावर हे ठिपके तळहात, तळपाय आणि पापणीच्या आत शोधा. रात्रीचे दोन वाजले असले तरी सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा. बाकीच्यांनी डोळ्यांचा, जिभेचा, पुरळाचा रोज उजेडात एक फोटो काढून ठेवावा. तारीख मोबाईल आपोआप टाकतो.