बडीशेपेच्या ताटलीतले पैसे

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबली तर सांभाळून घ्या.

सोलापुरात विजापूर रोडला मित्रमित्र मटण खायला गेलो होतो. बिल देऊन उरलेले एकशे साठ रुपये बडीशेपेच्या ताटलीत परत आले. आमच्यातल्या एकानं, चांगला पगारदार गडी, बोटानं बडीशेप बाजूला सारून खालची दहाची नोटसुद्धा उचलली. वाढणारं पोरगं शेजारीच उभं, टीव्ही बघत असल्यासारखं. मी पन्नास ठेवायला गेलो तर म्हणतो, "कशाला देऊलास बे, पगार मिळतोय की त्याला!"

पगार! अरे, रस्सा संपला की तू नुसती वाटी वर करत होतास. भाकरी कडक नाही म्हणून परत पाठवलीस, तेव्हा तेच पोरगं "आणतो साहेब" म्हणत आत पळालं. तेव्हा नाही आठवला त्याचा पगार?

हां, पगार मालकानंच नीट द्यावा, हे मान्य. मग विचारायचं ना गल्ल्यावर. तिथं तर "मालक, रस्सा एक नंबर" म्हणून हात जोडून आलास.

किती द्यायचं? टक्केवारी मला जमत नाही. चहा-नाश्त्याला दहा, घरच्यांसोबत जेवलो तर पन्नास, लेकरांनी टेबलाचा उकिरडा केला असेल तर शंभर. आणि थेट हातात. हल्ली सगळे फोनपे मारून उठतात, सुट्टे परत यायचा प्रश्नच नाही. आत बसून भाकरी थापणाऱ्या मावशींपर्यंत तर तेव्हाही काही पोचत नव्हतं. त्याला काय करावं, मलाही सुचत नाही.

बिलात परस्पर लावलेला सर्व्हिस चार्ज मात्र मी काढायला लावतो. तो असा लावता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ लाच सांगितलंय, मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानंही तेच उचलून धरलं. तो पैसा पोराच्या खिशात जातो की गल्ल्यात, कुणी बघितलंय?

असो. गडी वाईट नाही. गड्ड्याच्या जत्रेत गल्लीतल्या लेकरांना स्वतःच्या पैशानं पाळण्यात बसवतो, कुणाचं दुखलंखुपलं तर रात्री-अपरात्री सिव्हिलला धावतो. म्हणून तर जास्त राग आला. एवढा दिलदार माणूस, अन् दहाच्या नोटेसाठी बडीशेप उकरतो!

नाव लिहीत नाही, त्याला कळलंय. पुढच्या रविवारी बिल तुझ्याकडं आहे रे. कार्ड घरी विसरून येऊ नकोस.