भाव एकत्र ठरवा म्हटलं होतं, कोठार एक करा नव्हे

साहेब, एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. अमेरिकेतली राज्यं औषधांचे भाव पाडायला एकत्र येतात, तसं आपल्या राज्यांनीही करून बघावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं : सारी नोकरी सरकारी औषध भांडारात झाली, एकाच राज्याची खरेदी हाफकिन महामंडळाकडे एकवटली तर भांडारं रिकामी पडली, मग चार राज्यांची मोट बांधून काय साधणार? आणि स्वस्तातली गोळी लागू पडत नाही ते वेगळंच.

हाफकिनबद्दल तुमच्याशी वाद नाही. लसी आणि सर्पदंशावरचं औषध बनवणाऱ्या महामंडळाच्या गळ्यात 2017 पासून अख्ख्या राज्याची औषधखरेदी बांधली. इंडेंट, म्हणजे औषधांचं मागणीपत्र, गेला की निविदेची वाट बघायची, तोवर स्थानिक खरेदी, नाहीतर रुग्णाच्या हातात बाहेरची चिठ्ठी. शेवटी 2023 मध्ये कायदा करून वेगळं खरेदी प्राधिकरण आणावं लागलं. त्याच वर्षी नांदेडच्या सरकारी रुग्णालयातल्या मृत्यूंनंतर औषधटंचाईचा आरोप झाला, प्रशासनानं तो नाकारला. तो सगळा काळ तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलाय.

पण मी ज्याबद्दल लिहिलं ते हे नव्हेच. अमेरिकेतल्या मेडिकेड या गरिबांसाठीच्या योजनेत राज्य सरकार सहसा गोळीला हातही लावत नाही. रुग्ण औषधाच्या दुकानातून औषध घेतो, दुकानदाराला योजनेतून पैसे मिळतात, आणि कंपनी नंतर राज्याला रिबेट, म्हणजे किमतीतला काही भाग परत, देते. किमान रिबेट 1990 च्या केंद्रीय कायद्यानं बांधलेला आहे. त्यावरचा जादा रिबेट राज्यानं घासाघीस करून काढायचा. आता व्हरमाँट म्हणजे जेमतेम साडेसहा लाख वस्ती. त्याला कोण भीक घालणार? म्हणून मिशिगन, व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर, अलास्का आणि नेवाडा यांनी मिळून बोलणी करायला 2004 मध्ये केंद्राची मंजुरी घेतली. अशा एकत्र गटाला तिथे ‘पूल’ म्हणतात. पसंतीच्या औषधांची यादी मात्र ज्याची त्याची. यादीबाहेरचं औषध लिहायचं तर डॉक्टरला आधी परवानगी काढावी लागते, आणि कंपन्या वचकतात त्या यालाच. (परवानगीवर 24 तासांत उत्तर आणि अडचणीच्या वेळी 72 तासांपुरतं औषध देणं कायद्यानंच बंधनकारक आहे.) टंचाई तिथेही होते, पण ती या पूलचं कोठार रिकामं पडल्यामुळे नाही. पूलला कोठारच नाही.

आपल्याकडे औषध सरकारच विकत घेऊन वाटतं, हे मान्य. त्यासाठी अमेरिकेकडे कशाला, तमिळनाडूकडे बघू. तिथलं महामंडळ 1994 चं. दर राज्यासाठी एकच, पण गोदामं जिल्ह्याजिल्ह्यात, आणि प्रत्येक रुग्णालयाला पासबुक. वर्षाची रक्कम त्यात मांडलेली असते आणि औषध उचलाल तशी वजा होते. काय आणि किती न्यायचं हे रुग्णालय ठरवतं. नमुने कंपनीचं नाव झाकून प्रयोगशाळेत जातात. तुमच्या ‘लागू न पडणाऱ्या’ गोळीला माझं उत्तर हेच आहे. तपासणी नसेल तर महागडी गोळीही फसवी निघू शकते.

अमेरिकन पद्धतीवर टीका करायचीच तर गुप्ततेवर करा. कुठल्या कंपनीनं किती रिबेट दिला हे कायद्यानंच झाकलेलं असतं, त्यामुळे पूलनं नेमके किती वाचवले हे बाहेरच्याला ताडून पाहता येत नाही. त्यात तो पहिला पूल चालवायला एक खाजगी कंपनी होती. पुढे आयोवा, मेन आणि व्हरमाँट यांनी राज्यांनी स्वतः चालवायचा निराळा संघ काढला, तो मला जास्त पटतो.

तमिळनाडू आणि राजस्थानची महामंडळं आपले मंजूर दर वेबसाइटवर टाकतात. तेव्हा माझी सूचना एवढीच : महाराष्ट्र आणि गोव्यानं काही महागड्या औषधांचा दरकरार एकत्र करावा, कॅन्सरची औषधं आणि हिमोफिलियाची, म्हणजे रक्त न गोठण्याच्या आजारावरची, फॅक्टर इंजेक्शनं यांपासून. इंडेंट ज्याचा त्याचा, पैसे ज्याचे त्याचे, प्रयोगशाळेचा अहवाल मात्र दोघांनाही उघडा.

तुमच्या भांडारात स्थानिक खरेदीवर सर्वात जास्त पैसा कुठल्या औषधांवर जायचा? यादी आठवत असेल तर खाली लिहाच. तमिळनाडूच्या दरांशी ती लावून बघतो.