रत्नागिरी पॅसेंजर दादरपर्यंत न्यावी, असे एका दिवेकराचे मत

मी ठाण्याजवळच्या दिव्यात राहतो आणि रत्नागिरी पॅसेंजर दिव्याहून सुटते याचा मला फायदाच होतो, हे आधीच कबूल करतो. दुपारी जेवून निघालो तरी चालत फलाटावर पोहोचतो, गाडी बहुतेक वेळा रिकामी उभी असते आणि खिडकीची जागा मिळते. ही गाडी दादरहून सुटत असे तेव्हा गणपतीच्या दिवसांत आतल्या माणसांना दार उघडा म्हणून विनवण्या कराव्या लागत आणि पुष्कळदा ते उघडतही नसे. तरीही ती पुन्हा दादरपर्यंत गेली पाहिजे, असे माझे मत आहे.

करोनाच्या टाळेबंदीनंतर गाड्या हळूहळू रुळावर आल्या, तेव्हा पूर्वी दादरपर्यंत जाणारी ही गाडी दिव्यालाच थांबवण्यात आली. सोय तात्पुरती असेल असे सगळ्यांनी धरले होते. ती तशीच राहिली. सावंतवाडी पॅसेंजरची गोष्ट निराळी आहे, कारण ती दिव्याचीच गाडी म्हणून ओळखली जाते. म्हणून दोन्ही गाड्या सरसकट दादरला न्या, ही मागणी मला पटत नाही. डोंबिवली, कळवा, मुंब्रा आणि दिवा येथे राहणाऱ्या कोकणवासीयांसाठी सावंतवाडीची गाडी इथूनच सुटू द्यावी. रत्नागिरीची मात्र जिथे तोडली तिथे जोडावी.

या गाडीने प्रवास करतो कोण, हे पाहिल्याशिवाय तीस-पस्तीस किलोमीटरचे महत्त्व कळत नाही. एक्स्प्रेस गाड्यांचे आरक्षण मिळाले तरी त्यांतल्या बहुतेक गाड्या करंजाडी, विन्हेरे, आरवली यांसारख्या स्थानकांवर थांबत नाहीत, त्यामुळे तिथल्या माणसाला पॅसेंजर हाच आधार असतो. माझी आत्या लालबागला राहते आणि वर्षातून तीनचार वेळा आरवलीहून याच गाडीने परत येते. सोबत तांदळाची गोणी, कुळीथ, आमसुले आणि हंगाम असेल तर फणस. सुमारे 250 किलोमीटर आणि सातआठ तास ती एका बाकावर तक्रार न करता बसते. तिची खरी परीक्षा दिव्याला उतरल्यावर सुरू होते. जिना चढायचा, पलीकडे उतरायचे आणि जेमतेम अर्धा मिनीट थांबणाऱ्या लोकलमध्ये ते सगळे चढवायचे. दुपारची वेळ असल्यामुळे गर्दी तशी कमी असते, हे मान्य. पण सत्तरीतल्या बाईला गर्दीपेक्षा जिना आणि गोणी जास्त जड जातात. पनवेलला उतरून हार्बरने जावे, असा सल्ला अनेक जण देतात. दादरला जायचे असेल तर त्या वाटेवरही कुर्ल्याला पुन्हा फलाट बदलावाच लागतो, शिवाय पनवेलचे जिने काही लहान नाहीत.

आता रुळांविषयी, कारण खरा वाद तिथे आहे. ठाणे ते दिवा या टप्प्यात पूर्वी लांब पल्ल्याच्या गाड्यांना लोकलच्याच जलद मार्गावरून जावे लागत असे, त्यामुळे एक गाडी रखडली की मागच्या लोकलही रखडत. गाडी दादरपर्यंत न नेण्याचे हे कारण तेव्हा रास्त होते. मात्र फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे-दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठीचे वेगळे रूळ, सुरू झाली आणि ठाण्यापासून कुर्ल्यापर्यंत त्या मार्गिका आधीपासूनच होत्या. म्हणजे दिव्याहून निघालेली पॅसेंजर कुर्ल्यापर्यंत लोकलच्या वाटेत फारशी येण्याचे कारण उरत नाही. अडचण उरते ती कुर्ला ते दादर या छोट्या टप्प्याची, कारण तिथे पाचवी-सहावी मार्गिका अजून पूर्ण झालेली नाही. पण कोकणच्या इतर गाड्या त्याच टप्प्यातून रोज जातात.

दुसरे कारण वक्तशीरपणाचे सांगितले जाते. रोहा ते वीर हा भाग 2021 मध्ये दुहेरी झाला, पण त्यापुढे रत्नागिरीपर्यंत मार्ग एकेरी आहे, आणि क्रॉसिंगला, म्हणजे समोरच्या गाडीला वाट द्यायला, थांबवायची गाडी म्हटली की पहिला नंबर पॅसेंजरचाच लागतो. ती तासभर उशिरा आली तर दादरचे वेळापत्रक विस्कटेल, ही भीती खोटी नाही. मात्र गाडी दिव्याला थांबवल्याने उशीर कमी होत नाही, तो फक्त दिव्यात लपतो. शिवाय त्याच दादरहून गोरखपूर आणि बलियाच्या विशेष गाड्या सोडता आल्या. त्या गाड्यांच्या प्रवाशांशी माझे भांडण नाही, त्यांनाही घरी जायचेच असते. पण त्यामुळे दादरला फलाट मोकळा होऊच शकत नाही, या रेल्वेच्या उत्तरावर विश्वास बसणे कठीण जाते.

या सगळ्याच्या मुळाशी एक विचित्र व्यवस्था आहे. कोकण रेल्वे महामंडळाचे मुख्यालय आमच्या शेजारी बेलापूरला आहे, पण त्यांचा रूळ रोह्याला सुरू होतो. रोह्याच्या अलीकडचा मार्ग, दिवा आणि दादर हे सगळे मध्य रेल्वेकडे. त्यामुळे कोकणातल्या प्रवाशाची मागणी एका दारात ऐकली जाते आणि निर्णय दुसऱ्या दारात होतो. महामंडळाच्या स्थापनेच्या वेळी त्यात महाराष्ट्राचा 22 टक्के वाटा होता आणि भारतीय रेल्वेत त्याच्या विलीनीकरणाला राज्याने 2025 मध्ये संमती दिली आहे. ती संमती देताना या एका पॅसेंजरचा शब्द घेतला असता तर बरे झाले असते. अजूनही घेता येईल.

राहता राहिला आम्हा दिवेकरांचा प्रश्न. गाडी दादरहून निघाली की इथे दार उघडणार का, ही शंका माझ्या इमारतीतले निम्मे लोक विचारतात. त्यावर उपाय साधा आहे. शेवटचे दोन डबे दिव्यापर्यंत कुलूपबंद आणावेत, इथे रेल्वे पोलिसांच्या देखत उघडावेत आणि गणपती-शिमग्याला त्यांची संख्या चार करावी. एवढे झाले तर गाडी दादरला नेण्याच्या निवेदनावर आमच्या इमारतीतून पहिली सही माझी असेल.