सगळ्यांत पातळ पुस्तक

शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर आज बदली तासांचा तक्ता लागला. रजेवर असलेल्या शिक्षकापुढे त्याच्या जागी वर्गावर जाणाऱ्याचं नाव लिहायचं, एवढाच त्या तक्त्याचा उद्देश. नववी ब, पाचवा तास, या रकान्यात नाव नव्हतंच. तिथे लिहिलं होतं, 'ग्रंथालय'. मी शाळेची ग्रंथपाल. पर्यवेक्षकांना म्हटलं, "सर, ही खोली आहे. खोली तास घेत नाही." ते म्हणाले, "अहो बाई, तुमची पुस्तकं दिवसभर बसूनच असतात ना? तशीच मुलंही बसतील."

मुलं 62. खुर्च्या 28, त्यातल्या काही स्नेहसंमेलनाला मंडपात गेल्या त्या अजून तिकडेच आहेत. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं पुस्तकात मांडली. 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' हे त्यातलं दुसरं. वाचक आपल्या पायांनी येतो, असं त्यांनी धरलं असणार. रांग करून आणून सोडतात हे त्यांच्या कानावर गेलं नसावं. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हे पाचवं सूत्र मात्र शाळा निष्ठेने पाळते. लेझीम, ढोल, जुने ध्वनिक्षेपक, ढाली आणि चषक अशी आमची वाढ चालूच असते.

आता हिशेब बघा. तास 35 मिनिटांचा. मुलं आत येऊन टेकेपर्यंत सहा मिनिटं जातात. रीतसर देवघेव करायची तर खिशातून पुस्तकपत्र काढा, हजेरी क्रमांक लिहा, तारीखपट्टीवर शिक्का मारा. सरावलेल्या हातालाही एका मुलामागे 20 सेकंद. 62 मुलांचे होतात 1,240 सेकंद, म्हणजे वीस मिनिटांच्या वर. पुस्तकं परत मोजून घ्यायला सात. रांगेत शेवटी असलेल्या मुलाला वाचायला दोन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. त्यात तो आपलं नाव पेन्सिलने पहिल्या पानावर लिहितो.

म्हणून बदली तासाला कपाटं उघडायचीच नाहीत. एका पत्र्याच्या पेटीत 70 पातळ पुस्तकं आणि 'किशोर'चे जुने अंक वेगळे काढून ठेवायचे, झाकणाच्या आत दाखल क्रमांकांची यादी चिकटवायची. टेबलागणिक गठ्ठा द्यायचा, गठ्ठ्यावर आकडा लिहायचा, आणि तो आकडा त्या टेबलावरच्या सर्वांत भांडकुदळ मुलीच्या ताब्यात द्यायचा. एक पुस्तक कमी पडलं तर ती कोणालाही सोडत नाही. दप्तरं बाहेर, कंपासपेटीही बाहेर, कारण प्रकल्पाच्या वहीला लागणारी चित्रं कर्कटकाने फार सफाईने निघतात. आणि वाचलेलं पुस्तक मुलांनी स्वतः कपाटात ठेवायचं नाही. फळीवर पुस्तक विषयाच्या वर्गांकाने लागतं: कविता 891.461, कादंबरी 891.463. दोन आकड्यांचा फरक, पण चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक वार्षिक पडताळणीपर्यंत हरवलेलंच समजायचं. गोळा करायला घंटेच्या आधी सात मिनिटं सुरुवात करायची. घंटा झाल्यावर मुलांना दाराशिवाय काही दिसत नाही.

एवढी व्यवस्था लावली, आणि समोर एक मुलगा येऊन उभा राहिला.

"बाई, सगळ्यांत पातळ पुस्तक कुठलं?"

"कशाला हवंय?"

"वाचायला." हे त्याने इतक्या दुःखाने सांगितलं की मला पुढे विचारवेना. मराठीच्या सरांनी पुस्तक-परिचय लिहायला सांगितलाय, ही माहिती मागच्या मुलाने पुरवली.

मी 32 पानांचं पुस्तक दिलं. सराफाने वळं पारखावं तसं त्याने ते दोन बोटांत धरून कडेने पाहिलं.

"याच्याहून पातळ?"

छपाईचा फॉर्म सोळा पानांचा, त्यामुळे अशी पुस्तकं सहसा 16, 24, 32 अशीच निघतात, हे मी समजावलं. माझ्या माहितीतला नेमका नको तो भाग त्याने उचलला.

"मग सोळाचं द्या."

"ते पहिलीच्या मुलांचं आहे. त्यात फक्त हत्ती आहे."

"चालेल."

"नववीत आहेस तू."

"हत्ती सगळ्यांसाठीच असतो ना, बाई?"

हत्ती दिला नाही. तो 32 पानं घेऊन गेला आणि पाच मिनिटांत हिशेब करून आला. नावाचं पान, प्रकाशकाचं पान, अर्पणपत्रिका, कोरं पान, जाहिरातींची दोन, चित्रांची नऊ आणि प्रस्तावनेची दोन वजा जाता पुस्तक पंधराच पानांचं होतं.

"प्रस्तावना वाचायची असते," मी म्हटलं.

"ती दुसऱ्यानेच लिहिलीय. ज्याचं पुस्तक त्याचंच वाचतो ना."

पुढचा मुद्दा सतराव्या पानाचा. आम्ही प्रत्येक पुस्तकात एका ठरलेल्या आतल्या पानावरही शिक्का मारतो. पहिलं पान फाडून कोणी पुस्तक आपलं म्हणवलं तर ओळख पटावी म्हणून. ही खूण कुणाला कळू नये अशी अपेक्षा असते. त्याने ती भर वर्गात जाहीर केली. "शिक्क्याखाली दोन ओळी दिसत नाहीत, बाई. त्या सोडल्या तर चालेल?" आणि शेवटी, "मागच्या कव्हरवर सगळं थोडक्यात दिलंच आहे. तेवढंच उतरवलं तर?" तोवर त्याच पुस्तकासाठी मागे तिघे उभे होते.

खिडकीशी बसलेल्या मुलीने मात्र धूमकेतूंवर काही आहे का, असं विचारलं. आहे. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचे 20 खंड काचेच्या कपाटात, कुलपात आहेत. कुलूप काढायला उठावं लागतं, आणि उठलं की पेटीवरची नजर हटते. तिला "मधल्या सुट्टीत ये" सांगावं लागलं. मधल्या सुट्टीत मुलं डबा खातात. संध्याकाळी मी नसते, कारण पद अर्धवेळ आहे. म्हणजे 62 जणांत जी एकटी वाचायला आली होती, तिचीच सोय झाली नाही. याचा मला खरोखर राग आला. अजूनही आहे.

तेवढ्यात दारात पर्यवेक्षक. "फार गडबड चाललीय हो, बाई. ग्रंथालयात शांतता हवी." हे सांगताना त्यांच्या खिशातला मोबाईल आरती म्हणत होता. पूर्ण दोन कडवी झाली.

गंमत मार्च-एप्रिलमध्ये असते. पडताळणीत पुस्तकं कमी निघाली की लेखी खुलासा ग्रंथपालाकडून मागतात. निर्लेखनाचा, म्हणजे ती पुस्तकं नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव तिनेच करायचा, समितीच्या सह्या तिनेच गोळा करायच्या. त्या दिवशी ती मुलं कोणी, कोणाबरोबर पाठवली, हे कुठल्याही कागदावर नसतं. तक्ता संध्याकाळी फळ्यावरून पुसून टाकतात. आजचा मी पुसण्याआधी मोबाईलवर टिपला, त्याची प्रत काढली आणि 'नववी ब, पट 62, सोबत शिक्षक नाही' असं लिहून पर्यवेक्षकांपुढे सहीला ठेवली. ते म्हणाले, "बाई, एवढ्याशा गोष्टीला सही कशाला?"

प्रत अजून त्यांच्या टेबलावर आहे.