कोचीचा हजेरीपट

आमचे साडूभाऊ लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झाले, तरी कुठलंही बिल समोर आलं की त्यांचा हात अजून खिशातल्या हिरव्या पेनाकडे जातो. अशा माणसाला घेऊन फोर्ट कोची पाहायला जाऊ नये. साताऱ्याचा किल्ला दाखवावा, महाबळेश्वरला नेऊन आणावं. पण बायकांनी बेत आखला होता, आम्ही फक्त बॅगा उचलायच्या होत्या.

पहिला आक्षेप निघाला सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये. रिक्षावाल्याने ‘वास्को द गामा, वास्को द गामा’ असा जप करत आम्हाला दारात उतरवलं होतं. 1524 साली, नाताळच्या आदल्या दिवशी, गामा कोचीत वारला आणि इथेच त्याला पुरलं. आत गेलं की जमिनीत शिळा दिसते, तिच्याभोवती कठडा. साडूभाऊ चपापून दोन पावलं मागे सरकले. मेलेल्या माणसाचा मान राखायलाच हवा.

“आत आहे ना?”

“नाही. 1539 मध्ये पोर्तुगालला नेला.”

“म्हणजे पाचशे वर्षं होत आली, जागा रिकामी. आणि रिकाम्या जागेला कठडा?”

मी वर बघितलं. छताखाली जुने कापडी पंखे टांगलेले होते. एके काळी बाहेर बसून नोकर दोरी ओढायचे, तेव्हा आत वारा यायचा. पंखे आहेत, नोकर नाहीत. शर्ट पाठीला असा चिकटला होता की आता तो रात्री आंघोळीतच सुटणार. या गावाच्या हवेत श्वास घ्यायचा म्हणजे अर्धा घोट पाणीच पोटात जातं.

मग मट्टनचेरीचा डच पॅलेस. दिवस शुक्रवार. पॅलेस शुक्रवारी बंद असतो. जवळच ज्यू टाऊनचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, तेही बंद. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघी मुकाट्याने एका मसाल्याच्या दुकानात शिरल्या. रिक्षावाला हसऱ्या चेहऱ्याने दारातच उभा होता, कारण ते दुकान त्यानेच सुचवलं होतं. आम्ही जितका वेळ आत, तितका त्याचा चेहरा उजळ. मिरी मात्र अव्वल होती, हे कबूल करायला हवं. पिशवी उघडली आणि साडूभाऊंना ओळीने सात शिंका आल्या. या दाण्यासाठी लोक आफ्रिकेला वळसा घालून का आले, ते तिथे कळतं.

रविवारी पुन्हा गेलो. राजवाडा पोर्तुगीजांनी बांधला, 1555 च्या सुमाराला, आणि कोचीच्या राजाला भेट दिला. डचांनी 1663 नंतर डागडुजी केली. रंगारी घर रंगवून गेला आणि जाताना पाटीवर स्वतःचं नाव लावून गेला, तशातला प्रकार. आतली रामायणाची भित्तिचित्रं मात्र अप्रतिम. भिंत भरून माणसं, दागिने, डोळे. तसूभर जागा मोकळी नाही. साडूभाऊ तिथे बराच वेळ गप्प उभे होते. राम होता, सीता होती, सगळे जागच्या जागी.

सिनेगॉग 1568 चं. 1948 नंतर इथले बहुतेक ज्यू इस्राएलला निघून गेले, उरलेले अगदी मोजके. गल्लीचं नाव ज्यू टाऊन, दुकानं काश्मिरी शालींची. चपला काढून आत गेलो, तर पायाखाली हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा, गारेगार. त्या उकाड्यात तळव्यांना एवढं सुख दुसरीकडे कुठेच मिळालं नाही.

“चला, चिनी तरी सापडले,” साडूभाऊ म्हणाले.

याला कारण आदल्या संध्याकाळचं. किनाऱ्यावर ती सुप्रसिद्ध चिनी मासेमारी जाळी आहेत. लाकडी सांगाडा, मागे दोरांना टांगलेले धोंडे, पाच-सहा माणसं ओढतात आणि अख्खं जाळं पाण्यातून वर येतं. जाळेवाल्याने साडूभाऊंना “सार, कम, पुल” म्हणून बोलावलं, दोर हातात दिला, जाळं वर आलं. आत बोटभर मासे, जलपर्णीचा झुबका आणि एक प्लॅस्टिकची बाटली. लगेच पैशांसाठी हात पुढे! काम आपण केलं आणि मजुरीही आपणच द्यायची, हा जमाखर्च त्यांना झोपेपर्यंत लागला नाही. त्यात मी सांगून बसलो की ही जाळी चिन्यांनी नव्हे, पोर्तुगीजांनी मकाऊहून आणली, असंही काही अभ्यासक म्हणतात.

जेवताना गुलाबी कोमट पाणी आलं. साडूभाऊंनी ग्लास उजेडाकडे धरला. पतंगाचं लाकूड उकळलेलं असतं, औषधी असतं, असं वेटरने खुणांनी समजावलं. त्यांनी आप्पम आणि करीमीन मासा मात्र निमूट दोनदा मागवला, तेव्हा पेन खिशातच होतं.

परतताना एर्नाकुलमची बोट घेतली. तिकीट चहाच्या कपाहून स्वस्त. वारा सुटला, शर्ट पाठीपासून सुटला. एकीकडे कंटेनर उचलणाऱ्या क्रेन, दुसरीकडे नौदलाच्या करड्या बोटी. 1341 च्या पुरात पेरियार नदीने मुझिरिसचं जुनं बंदर गाळाने बुजवलं आणि इथलं तोंड मोकळं केलं असं मानतात. तेव्हापासून धंदा चालूच आहे. साडूभाऊ पहिल्यांदाच खुशीत आले. समोरच्या हिरव्यागार विलिंग्डन बेटाचे त्यांनी पटापट फोटो काढले.

“हे बेट तरी खरं ना?”

मला खोटं बोलता आलं असतं. पण रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंजिनिअरने बंदर खोल करताना उपसलेला गाळ टाकून ते तयार केलं आणि नाव लागलं व्हाइसरॉयचं, हे मी वाचलेलं होतं. तेवढं सांगितलं.

साडूभाऊंनी चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि एकेक फोटो डिलीट करायला घेतला.