मावशी, ‘कुंकू’ पुन्हा एकदा बघ

मंगळवारी सकाळी मावशीचा मेसेज आला. वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण, खाली जोडलेल्या हातांची रांग. मजकूर थोडक्यात असा: पूर्वीचे सिनेमे आणि मालिका निखळ करमणूक करायच्या. प्रभात फिल्म कंपनीच्या काळात पडद्याला राजकारणाचा वाराही लागला नव्हता. सेन्सॉर फक्त अश्लील दृश्यं कापायचं. दूरदर्शनवर प्रचार नव्हता, सगळं घर एकत्र बसून बघायचं. कलाकार आपलं काम करून घरी जायचे, मतं शिकवायला येत नव्हते. आता जो तो अजेंडा घेऊन येतो, असले सिनेमे बंद पाडायला हवेत. पटलं तर पुढे पाठवा.

हाच मजकूर मला याआधी तीन जणांकडून आला होता आणि तिन्ही वेळा मी गप्प बसले. या वेळी मावशीने खाली स्वतःची एक ओळ जोडली होती. ‘म्हणून म्हणते, त्याला सिंहासन वगैरे दाखवू नकोस. जुना स्वच्छ सिनेमा दाखव, कुंकू दाखव.’

‘त्याला’ म्हणजे तिच्या नातवाला. पोरगा एकोणीस वर्षांचा आहे, येत्या निवडणुकीत पहिल्यांदा मत देईल. मराठीतले जुने चांगले सिनेमे बघायचेत असं त्याने स्वतःहून मला सांगितलं, मी यादी केली, रविवार ठरला. आणि आता कुणी लिहिलाय तेही माहीत नसलेल्या मजकुरामुळे त्या यादीला कात्री लागणार. आता गप्प बसणं जमणार नाही.

‘प्रभातच्या काळात पडद्यावर राजकारण नव्हतं’

हे वाक्य लिहिणाऱ्याने प्रभातचा एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नसावा. मावशी, तू ‘कुंकू’चं नाव घेतलंस ना, मग ‘कुंकू’च घेऊ.

साल १९३७. न. ह. आपट्यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी, दिग्दर्शक व्ही. शांताराम. नीरा ही आईबापाविना वाढलेली मुलगी. तिला फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतात. शांता आपट्यांची नीरा रडत बसत नाही. हे लग्न मला मान्य नाही, असं ती त्याच घरात राहून, त्याच माणसाच्या तोंडावर सांगते आणि सांगत राहते. सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे, वस्तूंचे आवाज तेवढे ऐकू येतात. त्यामुळे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक त्या म्हाताऱ्याच्या वयासारखी अंगावर येते. केशवराव दात्यांनी काकासाहेब राक्षसासारखा रंगवलेला नाही, म्हणून तो जास्त टोचतो. रीतच आहे म्हणून लग्न केलेला, वाईट नसलेला माणूस. शेवटी त्याला चूक उमगते आणि तिला मोकळं करण्यासाठी तो स्वतःचा जीव देतो.

हे तुला स्वच्छ वाटलं, कारण ते खरोखरच स्वच्छ आहे. पण यात राजकारण नाही असं कसं म्हणतेस?

जरठ-कुमारी विवाह हा महाराष्ट्रातला केवढा पेटलेला प्रश्न होता ते आठव. देवलांचं ‘शारदा’ रंगभूमीवर आलं १८९९ मध्ये. त्याच्या आधी १८९१ च्या, मुलीशी शरीरसंबंधाला किमान वय घालून देणाऱ्या संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात उभी फूट पडली होती, टिळक एका बाजूला आणि सुधारक दुसऱ्या. १९२९ मध्ये सारडा कायदा झाला, मुलीचं लग्नाचं वय किमान १४ आणि मुलाचं किमान १८ ठरलं, तेव्हाही ‘आमच्या धर्मात सरकारची ढवळाढवळ’ अशी ओरड झालीच. त्या कायद्याने खालची मर्यादा घातली. साठीच्या म्हाताऱ्याने तरुण मुलगी करून घ्यायला त्यात आडकाठी नव्हती. जिथे कायदा थांबला तिथे बोट ठेवून ‘कुंकू’ उभा राहतो, कायदा लागू झाल्यानंतर अवघ्या सात वर्षांनी. बाईच्या ‘हो’ला किंमत आहे की नाही, हा त्या काळातला राजकीय प्रश्न होता आणि शांतारामबापूंनी तो थेट कपाळावरच्या कुंकवाला हात घालून विचारला. आज कुणी असा सिनेमा काढला, तर हाच मजकूर पाठवणारे लोक त्याला अजेंडा म्हणतील. माझी खात्री आहे.

आणि हा एकटा नाही. १९३५ चा ‘धर्मात्मा’ घे. बालगंधर्व संत एकनाथांच्या भूमिकेत, म्हणजे तुझ्या हिशेबाने निव्वळ भक्तिपट. पण त्यातले नाथ अस्पृश्याच्या घरी जाऊन जेवतात. गांधीजींचा अस्पृश्यतेविरुद्धचा दौरा होऊन फार दिवस झालेले नव्हते. या सिनेमाचं मूळ नाव होतं ‘महात्मा’. मुंबईच्या सेन्सॉरने ते नाव खपवून घेतलं नाही, बदलायला लावलं. नाथांच्या सिनेमातलं राजकारण परक्या साहेबाला लगेच कळलं. आपल्याला नव्वद वर्षांनीही कळू नये, याचा मला राग येतो.

‘सेन्सॉर फक्त अश्लील दृश्यं कापायचं’

वरचं ‘महात्मा’चं उदाहरण पुरेसं आहे, पण राहवत नाही म्हणून आणखी दोन.

१९२१ मध्ये कोहिनूर कंपनीचा ‘भक्त विदुर’ आला. मूकपट, महाभारतातली गोष्ट. विदुराच्या डोक्यावर गांधीटोपी, अंगावर खादी. मद्रास आणि कराचीत त्याच्यावर बंदी आली. त्यात कुठलं अश्लील दृश्य होतं?

स्वातंत्र्यानंतर सगळं सुधारलं असं वाटत असेल, तर ‘किस्सा कुर्सी का’ आठव. अमृत नाहटा खासदार होते, सत्तेवरचं विडंबन होतं. आणीबाणीत त्या सिनेमाच्या प्रती आणि निगेटिव्ह जप्त होऊन नष्ट झाल्या. पुढे यावरून संजय गांधी आणि तेव्हाचे माहितीमंत्री विद्याचरण शुक्ल यांच्यावर खटला चालला, १९७९ मध्ये दोघांना शिक्षा झाली आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडलं. निकाल काहीही लागो, तो मूळ सिनेमा कुणालाच बघायला मिळाला नाही. नाहटांना तो नव्याने काढावा लागला. एका सिनेमाची निगेटिव्हच शिल्लक राहत नाही, आणि आपण म्हणायचं की तेव्हा फक्त चुंबनं कापत होते.

‘दूरदर्शनवर प्रचार नव्हता’

सगळं घर एकत्र बसायचं, हे कबूल. मीही त्या घरात वाढले. पण घरात टीव्ही एक, वाहिनी जवळपास एकच, आणि ती सरकारची. ‘हम लोग’ ही १९८४ ची पहिली मोठी मालिका आखली गेली तीच कुटुंबनियोजनाचा संदेश घराघरात पोचवण्यासाठी, मेक्सिकोतल्या तशाच मालिकांचा धडा घेऊन. हेतू चांगला होता, मालिकाही मला फार आवडायची, पण तो सरकारी संदेशच होता. १९७६ मध्ये किशोरकुमारने सरकारी कार्यक्रमात गायला नकार दिला तर आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून त्याची गाणी बंद झाली. आणि थिएटरात सिनेमाआधी लागणारी फिल्म्स डिव्हिजनची समाचारचित्रं तू विसरलीस? धरणाचं उद्घाटन, मंत्री फीत कापतायत, मागून तो खणखणीत आवाज. ती दाखवणं थिएटरमालकांना सक्तीचं होतं आणि वर त्याचं भाडंही त्यांनीच भरायचं. ती सुरू झाली की बाबा शेंगदाणे आणायला बाहेर जायचे, इतकंच मला आठवतं.

‘कलाकार आपलं काम करून घरी जायचे’

या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. आधीच घाबरून बोलणाऱ्या माणसांचं उरलंसुरलं धैर्य त्यामुळे जातं. म्हणून याला जरा वेळ देते. पुन्हा ‘कुंकू’च बघ.

त्यात काकासाहेबांची मुलगी आहे. शिकलेली, समाजकार्य करणारी, बापाला चार शब्द सुनावणारी, नीरेच्या बाजूने उभी राहणारी. ही भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. गणितज्ञ रँग्लर परांजप्यांची मुलगी, केंब्रिजला शिकलेली. या बाई काम करून घरी गेल्या नाहीत. र. धों. कर्व्यांबरोबर त्यांनी संततिनियमनाचा प्रचार केला, आणि तोही कुठल्या काळात? तो शब्द चारचौघांत उच्चारला तरी लोक दार लावून घ्यायचे, तेव्हा. त्या बायकांशी त्याबद्दल उघड बोलल्या, लिहीत राहिल्या. पुढे विधान परिषदेत गेल्या, १९६४ ते १९७० राज्यसभेत होत्या. १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पडद्यावर ती मुलगी जे करते, तेच त्या पडद्याबाहेर जन्मभर करत होत्या. त्यांना कुणी ‘तुम्ही अभिनय करा, मतं आम्हाला शिकवू नका’ असं सांगितलं असतं आणि त्यांनी ते ऐकलं असतं, तर आपल्या आज्यांच्या पिढीचं काय झालं असतं, मावशी? तुझी आई तुला सांगायची ना, तिच्या आईची अकरा बाळंतपणं झाली म्हणून?

तुझ्या आवडत्या स्वच्छ सिनेमांत दुसरं नाव असतं ‘श्यामची आई’चं. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून १९४७ मध्ये उपोषणाला बसले तेही हेच गुरुजी. सिनेमा काढला आचार्य अत्र्यांनी, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं. त्यानंतर लगेच त्यांनी ‘महात्मा फुले’ काढला. आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘मराठा’ या आपल्या दैनिकातून आणि सभांतून अत्रे काय बोलत होते, ते तुझ्या पिढीला मी सांगायची गरज नाही. त्याच लढ्यात शाहीर अमरशेख आणि अण्णाभाऊ साठे गावोगाव डफ घेऊन फिरत होते. १ मे १९६० ला जे राज्य मिळालं, त्यात या ‘मतं शिकवणाऱ्या’ कलाकारांचा घाम आहे. मराठी माणसाने तरी कलाकाराला गप्प बस म्हणू नये.

पुढच्या काळात निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू. ‘सामना’ सिनेमात साखर कारखान्याच्या सत्तेसमोर उभा राहून ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ असं विचारणारा मास्तर (लागू) आणि तो सत्ताधारी हिंदुराव (फुले), दोघेही पडद्याबाहेर तितकेच बोलायचे. पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी त्यांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. त्यांची सगळी मतं मला पटायची नाहीत. देव रिटायर करा, हे लागूंचं म्हणणं आमच्या घरात आजही भांडण लावतं. पण त्यांनी बोलूच नये, असं आमच्या बाबांना कधी वाटलं नाही. ते चिडायचे, वाद घालायचे, आणि पुढच्या नाटकाचं तिकीट काढायचे.

‘असले सिनेमे बंद पाडायला हवेत’

याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच देऊन ठेवलंय. ‘ओरे ओरु ग्रामत्तिले’ हा तमिळ सिनेमा जातीवर आधारित आरक्षणावर टीका करणारा होता. विरोध झाला, निदर्शनं होतील, हिंसा होईल, असं राज्य सरकार म्हणालं. न्यायालयाने सांगितलं की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीवरून अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दाबता येत नाही, सुव्यवस्था राखणं हे सरकारचं काम आहे. त्या सिनेमाची भूमिका मला मुळीच मान्य नाही. तरी तो दाखवला जायलाच हवा होता, आणि हेच मी आज मला न आवडणाऱ्या सिनेमांबद्दलही म्हणेन.

आता जे खरं आहे ते मान्य करते, नाइलाजाने. हल्ली काही सिनेमे निवडणुकीच्या तोंडावर, कुणाची तरी आरती किंवा कुणाची तरी बदनामी करायलाच काढल्यासारखे येतात. इतिहासाच्या नावाखाली एका समाजाला उचलून सैतान ठरवतात. पात्रं एकमेकांशी बोलतच नाहीत, प्रेक्षकांसमोर भाषण ठोकतात. वेब मालिकांत शिव्या वाढल्यात हेही खरं, आईशेजारी बसून बघताना मलाही कानकोंडं होतं. मजकुरातली एवढी तक्रार रास्त आहे. पण खोटं बोलणारा सिनेमा ओळखायचा, तर खरं बोलणारा सिनेमा पाहिलेला हवा. ‘सिंहासन’ १९७९ चा आहे. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. त्यात एकही पक्ष शुद्ध नाही, एकही माणूस पूर्ण काळा नाही, आणि सगळं बघून झालेला पत्रकार दिगू शेवटी रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. पहिलं मत देणाऱ्या पोराने बघायला यापेक्षा चांगलं काय आहे?

म्हणून रविवारचा बेत असा. दुपारी तीनला आधी ‘कुंकू’, तुझ्या सांगण्यावरून. मग चहा. मग ‘सिंहासन’. नातवाबरोबर तूही ये. मधल्या वेळात त्याला तुझ्या आजीची गोष्ट सांग, ती अकरा बाळंतपणांची. त्याने ती ऐकलेली नाही, मी विचारलं.