‘फक्त तीन टक्के’ जमिनीचा हिशेब

कॅनडातील अल्बर्टा प्रांताच्या तेलवाळूविषयी, म्हणजे ज्यातून तेल काढले जाते त्या डांबरमिश्रित वाळूविषयी, एक दावा सर्रास पुढे पाठवला जातो: खाणी अवघ्या ३ टक्के क्षेत्रात आहेत, खणलेली जमीन पूर्ववत केली जाते, अथाबास्का नदीत डांबर मुळातच झिरपते आणि मूळनिवासी या उद्योगात भागीदार आहेत.

तेलवाळूच्या सुमारे १,४२,००० चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी साधारण ४,८०० चौरस किलोमीटरवरच उघडी खाण शक्य आहे, हे खरे. (प्रत्येक छायाचित्रात खाणच दाखवणारे विरोधकही त्यामुळे अर्धेच चित्र दाखवतात.) मात्र सुमारे ८० टक्के साठा खोलवर असल्याने तो विहिरींतून वाफ सोडून काढावा लागतो. त्यासाठी नैसर्गिक वायू जाळला जातो आणि रस्ते व नळमार्ग जंगलाचे तुकडे पाडतात. या टक्केवारीत त्याची नोंदच नाही.

जमीन पूर्ववत करण्याचे बंधन कायद्याने आहे. पण बंधन असणे आणि ते पुरे होणे यांत अंतर आहे. मोठ्या प्रमाणावरील व्यापारी उत्पादन १९६७ मध्ये सुरू झाले आणि पहिले पुनर्स्थापना प्रमाणपत्र २००८ मध्ये, सिंक्रूड या तेलकंपनीच्या ‘गेटवे हिल’ला मिळाले. ते क्षेत्र होते १०४ हेक्टर, म्हणजे जेमतेम एक चौरस किलोमीटर. शिवाय ती खाणीवरची माती टाकून झालेली टेकडी होती, तेल काढल्यावर उरणाऱ्या विषारी गाळाचा तलाव नव्हे. तिथे झाडे वाढली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु हजारो वर्षांत साचलेली पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची) दलदल वृक्षारोपणाने परत येत नाही, आणि ‘पूर्ववत’ हा शब्द नेमके तेच लपवतो.

नदीकाठचे डांबर नैसर्गिक आहे; तिथले मूळनिवासी क्री लोक त्याने होड्यांच्या फटी बुजवत. तथापि शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर व सहकाऱ्यांना प्रक्रिया केंद्रांजवळच्या बर्फात प्रदूषक संयुगे आढळली आणि अंतर वाढेल तसे त्यांचे प्रमाण घटत गेले. आकाशातून पडलेल्या बर्फात काठचे डांबर झिरपत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्ल खाणीतून सांडलेले ५३ लाख लिटर दूषित पाणीही निसर्गाच्या खाती मांडता येणार नाही.

भागीदारीचा मुद्दा खोटा नाही. २०१७ मध्ये फोर्ट मॅके आणि मिकिस्यू क्री या दोन फर्स्ट नेशन्सनी (मूळनिवासी समुदायांनी) सनकोर या तेलकंपनीच्या तेलटाक्यांच्या प्रकल्पात ४९ टक्के हिस्सा घेतला. मात्र त्याच मिकिस्यू क्रींनी २०१४ मध्ये खाणींच्या खालच्या अंगाला, त्याच नदीच्या प्रवाहाजवळ असलेल्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानाला असलेल्या धोक्याबद्दल युनेस्कोकडे अर्ज केला होता.